दुकानाच्या पायरीपासून गल्ल्यापर्यंत : फलटणच्या बेबीताई कांबळे

आपल्याकडं संस्थानाचा इतिहास लिहिला गेलाय. राममंदिराचा आहे, पालखीच्या मुक्कामाचा आहे, साखर कारखान्यांचा तर दरवर्षी अहवालासोबत छापून येतो. पण वाडीवस्तीवरच्या किराणा दुकानाचा इतिहास कुणी लिहिलाय का? तिथं कोण बसायचं, कोण पायरीवर थांबायचं, कुणाला पायरीवरही यायची मुभा नव्हती, याची नोंद कुठल्या गॅझेटियरमध्ये सापडत नाही.

एका बाईनं मात्र ती करून ठेवलीय. विशेष म्हणजे ती तिनं दुकानात बसूनच लिहिली, आणि लिहिलेलं वीसेक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. ‘जिणं आमुचं’ हे त्या पुस्तकाचं नाव आणि बेबीताई कांबळे हे त्या बाईचं. १९२९ सालचा जन्म, २१ एप्रिल २०१२ ला फलटणमध्ये निधन. त्र्याऐंशी वर्षांचं आयुष्य. त्यात चौथीपर्यंतची शाळा, तेराव्या वर्षी लग्न, दहा बाळंतपणं, एक किराणा दुकान, एक पुस्तक आणि मागास मुलांसाठी एक निवासी शाळा.

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

सुरुवात पुरंदर तालुक्यातल्या वीरगावापासून करावी लागेल. हे बेबीताईंचं आजोळ. जन्म तिथलाच आणि लहानपणही बरंचसं तिथल्या महारवाड्यात गेलं. पुस्तकाचा पहिला मोठा भाग याच वस्तीचा आहे. त्यात आषाढातली साफसफाई आहे, जत्रा आहे, पोतराज आहे, अंगात येणं आहे, उपासमार आहे. आणि त्यातच गावातल्या दुकानात सामान आणायला गेलेल्या बाईचं वर्णन आहे.

महारवाड्यातली बाई दुकानात जायची म्हणजे दुकानात जायचीच नाही. लांब अंगणात उभी राहायची. पदर नीट अंगभर घ्यायचा. मग अगदी नरमाईनं, स्वतःला हीन म्हणत, दुकानदाराला मोठेपणा देत मागणं मागायचं. काय मागायची? डोकं धुवायला पैशाची शिकेकाई, थोडं सुकं खोबरं. एवढ्यात दुकानदाराची पोरं घरातून बाहेर आली की तो त्यांना ओरडायचा, ती बाई उभी आहे, शिवू नका, लांबून जा. पोरांना विटाळ कसा पाळायचा ते अशा रोजच्या ओरडण्यातूनच शिकवलं जायचं. सामान वरून पदरात टाकलं जायचं. हात हाताला लागायचा नाही.

बेबीताईंनी हे रागानं लिहिलेलं नाही. जसं घडायचं तसं सांगितलंय, बोलल्यासारखं. वाचताना आपल्यालाच खाली बघावंसं वाटतं.

इथं थोडं थांबून एक हिशेब समजून घेऊ. या बाईकडं तो पैसा यायचा कुठून? महाराला गावकीच्या कामाचा मोबदला रोखीत मिळत नव्हता. येसकराची पाळी असेल त्यानं घोंगडं खांद्यावर टाकून, घुंगराची काठी आपटत दारोदार जायचं आणि भाकरी गोळा करायची. सुगीत बलुतं मिळालं तर मिळालं. म्हणजे चोवीस तास गावाची चाकरी करूनही हातात नाणं नाही. नाणं यायचं ते बहुतेक बाईच्या डोक्यावरच्या मोळीतून. रानातनं लाकूडफाटा, गवत आणायचं आणि गावातल्या मोठ्या घरांत विकायचं. तिथंही लाकडं रचून देताना बाईचा केस किंवा लुगड्याचा धागा त्यात अडकलेला नाही ना, हे तिनंच तपासून द्यायचं. नाहीतर घर बाटायचं. असं करून मिळालेला पैसा घेऊन ती दुकानाच्या अंगणात जायची.

पैसा खरा, माल खरा, गिऱ्हाईक मात्र गिऱ्हाईक नव्हतं. बाजाराचा नियम आपण शाळेत शिकतो की पैसे देणारा राजा असतो. आपल्या गावांत तो नियम सगळ्यांना लागू नव्हता.

आता कायद्याचं बघा. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलनं १९२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. त्याच ठरावाच्या आधारावर पुढं महाडचं चवदार तळं सर्वांना खुलं झालं आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथं जाऊन पाणी प्यायलं. पण ठराव नीट वाचला तर कळतं की त्यात दुकान नाही. दुकान खासगी होतं. तळ्यावर सत्याग्रह होऊ शकत होता, पण शेटजीच्या अंगणात पैशाची शिकेकाई मागणाऱ्या बाईला कुठल्या ठरावाचा आधार होता?

तो आधार आला संविधानात. कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही कुठं जाण्यास आडकाठी करता येणार नाही याची यादी आहे. त्या यादीत पहिला शब्द आहे दुकानं. नंतर उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा आणि मग विहिरी, तळी, घाट, रस्ते. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यानं दुकानात येऊ न देणं हा शिक्षेचा गुन्हा ठरवला. त्या कायद्यालाच पुढं नागरी हक्क संरक्षण कायदा असं नाव मिळालं. संविधान आपण भाषणात खूप आणतो. पण त्या यादीत दुकान पहिलं आहे, हे वीरगावचं ते अंगण वाचल्यावर जास्त कळतं.

आता बेबीताईंच्या घराकडं वळू.

आजोबा साहेबाकडं बटलर होते, त्यामुळं आजोळी पैसे यायचे आणि वस्तीत हे घर थोडं बरं होतं. वडील बांधकामाचे ठेकेदार. हात सढळ, मिळेल ते लोकांवर खर्च करायचे. पण त्याच वडिलांनी आईला घराबाहेर पडू दिलं नाही. बाई घरात कोंडलेली असणं हे तेव्हा प्रतिष्ठेचं लक्षण होतं. वरच्या जातींकडून उचललेला हा दिमाख आपल्या घरात कसा आला, ते लेकीनं पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. बापाचं कौतुक आणि बापानं आईचं काय केलं, दोन्ही एकाच पुस्तकात. हे सोपं नसतं. आपल्यापैकी किती जण आपल्या वडिलांबद्दल असं लिहू शकतील?

याच काळात बाबासाहेबांची चळवळ वाडीवस्तीत पोचत होती. १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी बायकांसमोर वेगळं भाषण केलं होतं. स्वच्छ राहा, जातीची खूण दिसेल असं लुगडं नेसू नका, दागिन्यांचा सोस सोडा, मुलामुलींना शिकवा. जेजुरीलाही त्यांचं भाषण झालं, त्याचं वर्णन ‘जिणं आमुचं’मध्ये आहे. खंडोबाच्या जेजुरीत नवससायास करायला येणाऱ्या माणसांना ते देवाच्या नादी लागू नका, पोरांना शाळेत घाला, असं सांगत होते. भाषण ऐकून आलेल्यांत बायकाही होत्या. मग वस्तीत चर्चा, भांडणं. म्हाताऱ्यांना वाटायचं की हे धर्म बुडवायला निघालेत. आणि शेवटी कुणीतरी बाई उठून म्हणायची, मी माझ्या पोरीला शाळेत घालणार. इतिहास असाही घडतो, एका वाड्यावर, एका संध्याकाळी.

बेबी फलटणला शाळेत गेली. तेव्हा फलटण संस्थान होतं, मालोजीराजे नाईक निंबाळकरांची कारकीर्द. शाळेत महाराच्या मुली वेगळ्या बसायच्या. बाकीच्या मुली वरच्या जातींतल्या, बोलायच्या टोचून. या मुलीही गप्प बसणाऱ्या नव्हत्या, टोळीनं भांडायच्या. बेबीताईंच्या लिहिण्यातला हा भाग वाचताना हसू येतं. अपमान आहेच, पण त्या वयातली मस्तीही आहे. मार खाऊन रडत घरी येणाऱ्या मुलींचं ते चित्र नाही.

चौथी झाली आणि तेराव्या वर्षी लग्न.

लग्नानंतर काम काय? नवऱ्याला कायमचं काम नव्हतं. मुंबईला जाऊन बघितलं, तिथं जमलं नाही, परत फलटणला आले. मग बेबीताईंनीच सुचवलं की काहीतरी धंदा करू. काय? तर द्राक्षं आणायची आणि सुटी विकायची. एवढंच भांडवल होतं.

धंद्याच्या दृष्टीनं बघितलं तर हे सुचणं मोठं आहे. द्राक्षं सकाळी आणली की संध्याकाळपर्यंत विकावीच लागतात, त्यामुळं पैसा अडकून पडत नाही. रोजचा पैसा रोज मोकळा. द्राक्षांवरनं भाजीपाला, भाजीपाल्यातनं शिल्लक टाकत टाकत किराणा माल. मीठ, मिरची, तेल, गूळ, चहाची पूड, साबण. वस्तीतली माणसं गिऱ्हाईक.

वस्तीतलीच का, हेही सांगायला हवं. ज्याच्या हातचं पाणी चालत नाही त्याच्या हातचा गूळ गावाला कसा चालणार? दलितानं खाण्याच्या वस्तूचं दुकान टाकायचं म्हणजे गिऱ्हाईक आपल्याच वस्तीपुरतं, आणि आपली वस्ती म्हणजे हातावर पोट. एका वेळेला पावशेर तेल घेणारं गिऱ्हाईक. अशा दुकानातनं श्रीमंत कुणी होत नाही. पण घर चालतं. आणि बेबीताईंचं घर लहान नव्हतं. दहा मुलं झाली, त्यातली तीन लहानपणीच गेली. सातांना वाढवलं, शिकवलं, ते याच गल्ल्यावर.

याच जागेवर मला या बाईचं आयुष्य सगळ्यात मोठं वाटतं. आजीच्या पिढीतली बाई दुकानाच्या अंगणात पदर पसरून उभी होती. नात त्याच व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूला तराजू हातात घेऊन बसली. तिच्या दुकानात येणाऱ्या बाईला अंगणात उभं राहावं लागत नव्हतं. ती आत यायची, टेकायची, दोन शब्द बोलायची, सामान हातात घेऊन जायची. कुणी फीत कापली नाही, पेपरात बातमी आली नाही.

दुकानात आणखी एक गोष्ट असायची. रद्दी. पुड्या बांधायला वर्तमानपत्रांची रद्दी किलोवर विकत यायची. बेबीताई पुडी बांधायच्या आधी कागद वाचायच्या. चौथी शिकलेली बाई, लग्नानंतर वह्यापुस्तकं सुटलेली, ती पुन्हा वाचायला लागली ती या रद्दीवर. मग वाचनालयातनं पुस्तकं. मग लिहिणं.

लिहायचं कधी? नवरा माल आणायला बाहेर गेला की. गिऱ्हाईक नसलं की. आणि लिहिलेलं ठेवायचं कुठं? कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, रद्दीच्या, कागदांच्या गठ्ठ्यात. कारण भीती होती. नवऱ्याची होती, घरातल्या मोठ्या झालेल्या मुलाचीही होती. वीसेक वर्षं हे असंच चाललं. घरातल्या कुणाला ठाऊक नाही की गल्ल्यावर बसलेली आपली आई काय लिहितेय.

आम्ही पत्रकार लोक डेडलाइनचं रडगाणं गातो. वीस वर्षं छापून येण्याची आशा नसताना, पकडले जाण्याची भीती असताना लिहीत राहणं म्हणजे काय, याचा विचार मी बऱ्याचदा करतो.

इथं दुसऱ्या एका बाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. त्याही कांबळे, पण शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या. शांताबाई कृष्णाजी कांबळे. सांगोला तालुक्यातल्या महूदच्या, जन्म १९२३ चा. घरी नाव नाजा, नाजुका. बेबीताई लग्न होऊन संसाराला लागल्या त्याच सुमारास, १९४२ मध्ये, शांताबाई जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या पहिल्या दलित शिक्षिका. पुढं पुण्याला ट्रेनिंग घेतलं आणि जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या. निवृत्तीनंतर लिहायला घेतलं, ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. पुस्तक १९८६ ला आलं. त्यावर दूरदर्शनवर ‘नाजुका’ नावाची मालिकाही आली, पन्नाशीतल्या लोकांना आठवत असेल. २०२३ च्या जानेवारीत, शंभरीला महिनाभर राहिला असताना त्या गेल्या.

दोघींची पुस्तकं एकापाठोपाठ वाचून बघा. एकीच्या हाती खडू, दुसरीच्या हाती तराजू. शांताबाईंना महिन्याच्या महिन्याला पगार होता. त्यामुळं नवऱ्यानं दुसरं लग्न केल्यावर त्यांना घर सोडून माहेरी येता आलं, स्वतःच्या पायावर उभं राहता आलं. बेबीताईंच्या गल्ल्यातला पैसा घरात मिसळून जायचा, तो वेगळा काढता येत नव्हता. नोकरी आणि दुकान यांतला हा फरक बाईच्या आयुष्यात फार मोठा ठरतो. आजही बचत गटातल्या बायकांशी बोललात तर हाच फरक ऐकायला मिळेल. कमावते मी, पण पैसा माझा नाही.

आता अवघड भागाकडं येतो.

‘जिणं आमुचं’ आत्मचरित्र म्हणून ओळखलं जातं, पण त्यात ‘मी’ कमी आणि ‘आम्ही’ जास्त आहे. नवऱ्याबद्दल त्यात फारसं काही नाही. तो मारायचा, संशय घ्यायचा, हे बेबीताईंनी नंतर सांगितलं. माया पंडित यांनी २००८ साली पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं, त्याला जोडलेल्या मुलाखतीत. रेल्वेच्या डब्यात कुणीतरी आपल्याकडं बघितलं म्हणून नवऱ्यानं कसं मारलं, तेही त्यात आहे. पुस्तकात हे का नाही? त्यांचं म्हणणं साधारण असं की हे तेव्हा बहुतेक बायकांच्या वाट्याला येत होतं, आणि मला माझ्या एकटीचं गाऱ्हाणं न मांडता समाजाचं जगणं मांडायचं होतं.

यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण एक लक्षात घ्या. स्वतःच्या नवऱ्याबद्दल गप्प राहिलेली ही बाई वस्तीतल्या घराघरांत सुनांचं काय व्हायचं, त्याबद्दल अजिबात गप्प राहिलेली नाही. आठ-दहा वर्षांची सून. पहाटे उठून दळायला बसवलेली. भाकरी नीट जमली नाही म्हणून मार. माहेरी पळून गेली तर धरून आणायची आणि पायात लाकडाचा खोडा घालायचा, तो ओढत ओढतच घरातलं काम करायचं. नाक कापलेल्या सुनांच्याही हकीकती आहेत. आणि हे करणारी कोण? बऱ्याचदा सासू.

असं का व्हायचं, याचं उत्तरही त्या देतात, आणि माझ्या मते ते पुस्तकातलं सगळ्यात धारदार वाक्य आहे. मी ते इथं देत नाही, तुम्ही मूळातनं वाचा. अर्थ असा की गावानं आम्हाला गुलाम केलं, पण हुकूम गाजवायची हौस आम्हालाही होतीच, आमचं ऐकणार कोण, म्हणून आम्ही आमच्या सुनांना गुलाम केलं.

घरातली कर्ती बाई, सगळ्यांना धाकात ठेवणारी आजी, हिचं आपण फार कौतुक करतो. “आजी होती म्हणून घर टिकलं.” खरंच असतं ते. पण त्या धाकाखाली कोण दबलं, हे आपण विचारत नाही. बेबीताई स्वतः सात मुलांची आई, सासू, आजी. मोठ्या खटल्याची कर्ती बाई. तरी त्यांनी सासूच्या गादीवर बसून सासूपणाची चिकित्सा केली. जातीची चिकित्सा करणारे पुष्कळ भेटतात. ती करता करता स्वतःच्या उंबऱ्याच्या आत बघणारे कमी.

पुस्तक बाहेर कसं आलं? फलटणची बोली अभ्यासायला अमेरिकेतून आलेल्या, इथंच राहिलेल्या आणि पुढं भारतीय नागरिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांच्या वाचनात हे लिखाण आलं. प्रगत शिक्षण संस्थेमुळं फलटणकरांना त्या ठाऊक आहेत. त्यांनी छापण्याचा आग्रह धरला. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आलं आणि १९८६ ला पुस्तक झालं.

काळ बघा. १९७८ ला दया पवारांचं ‘बलुतं’. १९८० ला आपल्याच फलटण तालुक्यातल्या सोमंथळीच्या लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’, त्याला पुढच्या वर्षी साहित्य अकादमी. १९८१ ला कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’. दलित आत्मकथनांची लाट होती, आणि त्यात बायकांचा आवाज मिसळायला लागला होता. ‘जिणं आमुचं’ फ्रेंचमध्ये गेलं १९९१ साली, गी पॉइटवँ यांच्या भाषांतरातून. इंग्रजीत यायला आणखी सतरा वर्षं लागली. आज देशातल्या अनेक विद्यापीठांत ते अभ्यासाला असतं. फलटणच्या एका वस्तीतल्या किराणा दुकानात रद्दीखाली दडवलेलं लिखाण पॅरिसमध्ये वाचलं गेलं, आणि शेजारच्या गल्लीतल्या कित्येकांना पत्ता नाही.

पुस्तकानंतर बेबीताई थांबल्या नाहीत. कविता लिहिल्या, त्यातल्या बऱ्याच बाबासाहेबांवरच्या. आणि फलटणजवळच्या एका गावात मागास मुलांसाठी सरकारमान्य निवासी शाळा काढली. लहानपणी वर्गात वेगळ्या बसवलेल्या मुलीनं म्हातारपणी अशी शाळा उभी केली जिथं पोरांना राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळेल. निवासी शाळा का, हे आपल्या भागात समजावून सांगायला नको. ऊसतोडीला, वीटभट्टीला आईबाप गेले की पोरांची शाळा सुटते. राहायची सोय असेल तरच पोरगं टिकतं.

शिक्षिका होऊन संसार सांभाळणाऱ्या पुष्कळ बायका झाल्या. बेबीताईंचा रस्ता उलटा. आधी संसार, मग दुकान, मग पुस्तक आणि शेवटी शाळा. पण सगळ्याचं मूळ मला जेजुरीच्या त्या भाषणात दिसतं. पोरांना शिकवा. त्यांनी ते आधी स्वतःच्या सात मुलांपुरतं केलं आणि नंतर लोकांच्या मुलांसाठी.

पुस्तकाच्या शेवटी शेवटी त्या शिकलेल्या आपल्या माणसांवर रागावल्यात. बाबासाहेबांमुळं शिकलात, खुर्च्या मिळाल्या, बंगले झाले, आता वस्तीकडं वळून बघत नाही, जात लपवता. हा राग चाळीस वर्षांपूर्वीचा. १४ एप्रिलला आमच्याकडं डीजे किती मोठा यावर चढाओढ लागते तेव्हा मला ती पानं आठवतात. आणि हे एकट्या बौद्ध समाजाला सांगण्यासारखं नाही. प्रत्येक जातीत पुतळा आहे, जयंती आहे, फ्लेक्स आहे. आपल्या आज्या कशा जगल्या हे लिहून ठेवलेलं किती जातींत आहे?

दुकानाचं आज काय झालंय? अंगणात उभं करणं गेलं, बहुतेक ठिकाणी गेलं. काउंटरवर क्यूआर कोड आहे, तो कुणाची जात विचारत नाही. पण शाळेतला पोषण आहार कुणी शिजवायचा यावरून वाद झाल्याच्या बातम्या अजून देशभरातनं येतात. खाण्याच्या वस्तूला कुणाचा हात लागला हा प्रश्न पूर्ण मिटलेला नाही. त्यामुळं बेबीताईंचं ते अंगणाचं वर्णन जुन्या काळातली गोष्ट म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

मला तालुक्याच्या इतिहासाबद्दल एवढंच म्हणायचंय की त्यात राजे असावेत, सहकारमहर्षी असावेत, वारीही असावी, पण त्यात एक किराणा दुकानही असावं. शहरात चौकांना नावं देण्यावरून सभा तहकूब होतात, त्या बातम्या मीच लिहितो. एखाद्या वाचनालयाला, मुलींच्या अभ्यासिकेला बेबीताई कांबळे यांचं नाव देण्याची मागणी कुणी लावून धरली तर ती बातमी मला जास्त आनंदानं लिहिता येईल. तालुक्यातल्या प्रत्येक हायस्कूलच्या ग्रंथालयात ‘जिणं आमुचं’च्या निदान दोन प्रती असाव्यात, एवढं तर मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात करू शकतात. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ सोबत घेतली तर उत्तमच.

आणि तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत गल्ल्यावर बसून घर चालवणारी, पोरं शिकवणारी म्हातारी असेल तर तिच्याकडं जाऊन बसा. मोबाईलवर रेकॉर्ड करा. दुकान कधी टाकलं, पहिला माल कोणता आणला, उधारी कोण बुडवायचं, तिला कुणी अंगणात उभं केलं होतं का, तिनं कुणाला केलं का, हे सगळं विचारा. जातपात न बघता विचारा, सगळ्या जातींत विचारा. उत्तरं अडचणीची आली तरी पुसू नका.

तुमच्या भागातल्या अशा कुणाबद्दल ठाऊक असेल तर खाली लिहा, मी सगळं वाचतो. फक्त कुणा हयात बाईचं नाव-गाव तिला विचारल्याशिवाय टाकू नका.